अडकलेला रिफंड आणि बोललेली देणगी

आमच्या गावात कालव्याचं पाणी हवं असलं की आधी शंभुलिंगआण्णांचं एक वाक्य ऐकावं लागायचं. "आधी पट्टी भरा, मग दार उघडतो." माकणीच्या धरणाचा कालवा आमच्या शिवारातून जातो आणि आण्णा त्या कालव्याचे निरीक्षक. पाणीपट्टी थकवून हात जोडणाऱ्याला ते कधी वेडंवाकडं बोलले नाहीत, पण त्यांनी दारही उघडलं नाही. एकदा सख्ख्या मेव्हण्याचं दार त्यांनी ऐन हरभरा फुलात असताना बंद ठेवलं होतं. तेव्हा त्यांची बायको शिवलीला आठ दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती. आण्णांनी ते आठ दिवस मुकाट्यानं काढले आणि मेव्हण्यानं नवव्या दिवशी पट्टी भरली.

मी त्यांच्या शेजारची महादेवी. आमचे मालक वीरप्पा किराणा दुकान चालवतात आणि महादेवाच्या देवळाचे खजिनदार आहेत. हे पद बिनपगारी आहे, बोलणी मात्र रोज खावी लागतात. आण्णा आणि हे एका वर्गातले, त्यामुळं आमच्या घरातली साखर संपलेली त्यांना कळते आणि त्यांच्या घरातलं भांडण आम्हाला ऐकू येतं. आण्णा माणूस सरळ, पण थोडा ताठ. आपण कुणाचं काही देणं लागत नाही, हा त्यांचा एकच दागिना होता आणि तो ते रोज घालून हिंडत.

आता आमच्या देवळातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडं देणगी आधी बोलतात आणि सवडीनं देतात. शिवरात्रीला माईकवर नाव आणि आकडा पुकारायचा, खजिनदारानं तिथंच त्या दिवसाची तारीख घालून पावती फाडायची. पैसे मग सोयाबीन विकल्यावर, पोरीचं लग्न पार पडल्यावर, कधी पगाराचा फरक निघाल्यावर येतात. खजिनदारानं मागायला जायचं नाही, मागणं म्हणजे त्या माणसावर अविश्वास दाखवणं. मला ही रीत कधीच पटली नाही. उधारीवर गूळ देताना वहीत सही घेणारा माझा नवरा देवळात मात्र लोकांच्या नुसत्या शब्दावर पावत्या फाडत सुटतो. पण माझं ऐकतं कोण?

मागच्या वर्षी दासोहाचं नवीन भवन बांधायला काढलं होतं. आमच्याकडं देवळात आल्यागेल्याला जेवू घालतात त्याला दासोह म्हणतात. शिवरात्रीच्या संध्याकाळी आडत दुकानवाले शरणबसप्पा उठले आणि त्यांनी एक लाख एक पुकारले. टाळ्या पडल्या. मग दोघातिघांनी पन्नास-पन्नास हजार बोलून टाकले. नंतर आण्णा उठले. घरातून निघताना पाच हजार एक बोलायचं ठरलं होतं, हे मला शिवलीलानंच सांगितलेलं. पण माईक हातात आला आणि त्यांनी आधी आईचं नाव घेतलं. "लिंगैक्य शांताक्का यांच्या स्मरणार्थ," एवढं म्हणून ते थांबले.

शांताक्काला सगळ्या गावानं पाहिलेलं होतं. म्हातारी दर सोमवारी पदरात ओंजळभर पीठ घेऊन देवळात यायची आणि सगळ्यांच्या आधी चुलीपुढं बसायची. हाताला चटके बसले तरी भाकरी थापणं थांबायचं नाही. तिनं कधी पावती घेतली नाही, तिचं नाव कधी माईकवर आलं नाही. ते सगळं त्या क्षणी आण्णांच्या डोळ्यांपुढं आलं असणार. शिवाय थोडा शरणबसप्पांचा आकडाही कानात घुमत असणार, उगाच कशाला नाकारायचं.

"एक्कावन्न हजार," आण्णा म्हणाले.

शिवलीलानं माझा दंड घट्ट धरला. माझ्या नवऱ्यानं पावती फाडली.

एवढा आकडा त्यांच्या तोंडून गेला त्यामागं एक हिशेबही होता. त्या वर्षी त्यांना कितीतरी दिवस थकलेला पगाराचा फरक एकदम मिळाला होता आणि ऑफिसनं त्यातून भरपूर आयकर कापला होता. लोहाऱ्यात तहसीलजवळ सादिक ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतो. त्यानं आण्णांना सांगितलं होतं, रिटर्न भरलं की पन्नासेक हजार परत येतील. फरकाचे पैसे घराच्या कर्जात आणि लातूरला शिकणाऱ्या मुलीच्या, शिवानीच्या, फीमध्ये केव्हाच गेले होते. पण रिफंड यायचा होता. जुलैत रिटर्न, ऑगस्टात रिफंड, रिफंड आला की सरळ देवळात. सरकारनं जास्तीचे घेतलेले पैसे देवाला जातील, यात आण्णांना मोठं समाधान वाटत होतं.

जुलैत सादिकनं रिटर्न भरताना विचारलं, "आण्णा, कुठं देणगी दिलीय का? पावती असंल तर कर आणखी कमी हुतो."

आण्णांनी पाकिटातून पावती काढून दिली. ट्रस्टला करसवलतीचा नंबर मिळालेला होता आणि तो पावतीवर छापलेला होता. पावती खरी होती, सही माझ्या नवऱ्याची होती. आण्णांच्या मनाला त्यात कुठंही खोटं शिवलं नाही, कारण आमच्या गावात बोललेलं म्हणजे दिलेलंच धरतात. सादिकनंही पावती पाहिली आणि आकडा भरला. पैसे अजून दिलेले नाहीत, हे त्याला कुणी सांगितलं नाही आणि विचारायचं त्याला सुचलं नाही.

ऑगस्टात ऑफिसातल्या सगळ्यांचे रिफंड आले. आण्णांचा आला नाही.

त्यांनी मोबाइलवर स्टेटस बघायला सुरुवात केली. गावात रेंज धड नाही, ती कालव्याच्या मोठ्या दारापाशी येते. सकाळी तिथं उभं राहून ते पॅन नंबर टाकत, पासवर्ड टाकत, ओटीपीची वाट बघत आणि शेवटी पडद्यावर तेच दिसे: रिटर्नची प्रक्रिया चालू आहे. मग दुपारी परत. देवळात आरती चालू असतानाही एक हात टाळीला आणि दुसरा खिशाला. सगळ्या गावाला रिफंडचं ठाऊक होतं, कारण आण्णांनीच कौतुकानं सांगितलेलं. जो भेटेल तो विचारी, "आण्णा, आला का?" विचारणारा रिफंडचं विचारी. आण्णांना मात्र वाटे, हा देणगीचं विचारतोय. त्यांचा चेहराच तसा व्हायचा. मला हसू यायचं तेव्हा. आता ते हसू आठवलं की बरं वाटत नाही.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी भवनाचं उद्घाटन झालं. भिंतीवर काळ्या ग्रॅनाइटची पाटी बसवली होती, तिच्यावर देणगीदारांची नावं सोनेरी अक्षरांत कोरलेली. चौथी ओळ होती: लिं. शांताक्का यांच्या स्मरणार्थ, शंभुलिंग यांजकडून, एक्कावन्न हजार. सगळ्या देणगीदारांना स्वामीजींच्या हस्ते शाल आणि नारळ. शिवलीला इरकल नेसून आली होती आणि पाटीसमोर उभी राहून तिनं फोटो काढून घेतला. आण्णांचं नाव पुकारलं तेव्हा ते उठायलाच तयार होईनात. लोकांना वाटलं, केवढा हा विनय. मी समोरच बसले होते. त्या माणसाचे कान लाल झाले होते आणि शाल खांद्यावर पडली तेव्हा त्यांनी मान अशी खाली घातली की स्वामीजींना नारळ त्यांच्या हातात शोधून द्यावा लागला.

त्या दिवसापासून ते पंगतीत पाटीकडं पाठ करून बसायला लागले. पुढं पुढं बसेनासेच झाले. सोमवारी नेमकी त्यांना कालव्यावर कामं निघायची.

दिवाळीनंतर रब्बीचं पाणी सुटलं. कृष्णराज म्हणून एक शेतकरी आहे, पट्टी थकवण्यात पटाईत. तो दारापाशी जाऊन म्हणाला, "आण्णा, तुमी देवाला एवढं दिलं, माज्यासाठी म्हैनाभर थांबा की." आण्णांनी त्याच्याकडं पाहिलं. नेहमीचं वाक्य तोंडाशी आलं असणार, पण बाहेर आलं नाही. त्यांनी गुपचूप दार उघडलं. कृष्णराजनं ही बातमी गावभर केली आणि मग थकबाकीवाल्यांची रांगच लागली. लोक खूश होते. म्हणत, आण्णा आता मऊ झाले. मला ते लक्षण काही ठीक वाटलं नाही. ज्या माणसाची सगळी ऐट त्या एका वाक्यात होती, त्याला ते वाक्य बोलायची लाज वाटायला लागली होती.

डिसेंबरात त्यांच्या मोबाइलवर आयकर खात्याचा इंग्रजी मेसेज आला. आण्णा तसेच वडापच्या जीपनं लोहाऱ्याला गेले. सादिकनं वाचून सांगितलं: तुम्ही दाखवलेली वजावट खात्याच्या माहितीशी जुळत नाही, म्हणून रिफंड थांबवलाय, चूक असेल तर एकतीस तारखेच्या आत रिटर्न दुरुस्त करा.

"ट्रस्टनं ज्यांच्याकडनं पैसे आले त्यांची यादी सरकारला दिलीय," सादिक म्हणाला. "त्यात तुमचं नाव न्हाय, आण्णा. पैसे बँकेतनं दिले व्हते का रोख?"

आण्णा टेबलावरची धूळ बोटानं पुसायला लागले. सादिकनं दोनदा विचारलं आणि मग त्यालाच कळलं. त्यानं खुर्ची ओढून दिली, चहा सांगितला. मुलाच्या वयाच्या माणसानं आपल्याला सांभाळून घ्यावं, हे आण्णांना फार लागलं. चहा न पिताच ते निघून आले.

लोहाऱ्याहून ते आमच्याकडं आले तेव्हा मी ओसरीवर तूर निवडत होते आणि हे दुकानातून जेवायला आलेले. आण्णा जोत्यावर टेकले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. पैसे न देता पावती लावली, सरकारला दिले म्हणून लिहून दिलं, आणि ज्या रिफंडातून देणगी द्यायची होती तो त्याच देणगीपायी अडकला. सादिकच्या हिशेबानं देणगीमुळं कर कमी झाला असता तो फार तर चार-पाच हजारांनी. तेवढ्यापायी सगळं अडकून बसलं.

"म्या चोर ठरलो, वीरप्पा," ते म्हणाले. "जलमात कुणाचा रुपाया ठिवला न्हाय, आन् आईच्या नावानं खोटं लिहून दिलं."

"चोर कशाचा? येवढं मनाला लावून घिऊ नको," हे म्हणाले. "रिटर्नातनं देणगी काढून टाक. रिफंड येतंय, मग सवडीनं दे. पाटीवर नाव हायच. कुणाला कळणार हाय?"

मलाही वाटलं, बरोबर आहे. इतकी सोपी वाट असताना माणूस रडतो कशाला?

आण्णांनी सुपातली तूर उगाच बोटानं सारली. मग म्हणाले, "सरकारला आता लिहून द्यायचं, म्या काय दिलं न्हाय. आन् भिंतीवर लिवलंय, दिलं. वैनी, दोन्हीकडं नाव माजंच हाय की."

हे भाकरीचा तुकडा उगाच आमटीत बुडवत राहिले.

त्या आठवड्यात आण्णांनी लोहाऱ्याला जाऊन रिटर्न दुरुस्त केलं. देणगीच्या जागी शून्य लिहिलं. मग सोमवारी आरतीनंतर लोक जेवायला भवनात जायच्या आधी ते माईकपाशी गेले. शिवलीला माझ्या शेजारी बसली होती. कितीतरी दिवसांनी नवरा देवळात आला म्हणून ती खुशीत होती. तिला घरात एका शब्दानं काही सांगितलेलं नव्हतं.

"शिवरात्रीला म्या एक्कावन्न हजार बोललो," आण्णा म्हणाले. आवाज जेमतेम येत होता. "त्यातला एक रुपाया दिलेला न्हाय. पावती तेवढी घिऊन बसलो आन् तीच पावती लावून सरकारकडं सूट मागितली. शाल घेतली, नारळ घेतला. माजी वळ पाटीवरनं काढून टाका."

शिवलीलाचा हात माझ्या हातात होता. तिनं तो काढून घेतला आणि पदर कपाळावर ओढला.

सगळ्यांत आधी शरणबसप्पा उठले. "आण्णा, बसा. व्हतंय असं कुणाकडनं बी. देवळात असले विषय कशाला? पैसे येतील तवा द्या." त्यांच्यामागून आणखी दोघंतिघं बोलले, बसा बसा, जेवणं होऊ द्या. ज्या घाईनं ही मंडळी आण्णांना खाली बसवायला निघाली ती बघून मला शंका आली. मी पाटीकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं, मग माझ्या नवऱ्याकडं. हे छताचा पंखा न्याहाळत होते.

"आई हितं हातानं भाकऱ्या थापायची," आण्णा म्हणाले. "तिचं नाव फुकट लिवलेलं र्‍हाऊ देऊ नका." एवढं बोलून त्यांनी माईक खाली ठेवला. चप्पल घालायचंही भान राहिलं नाही, तसेच अनवाणी घरी गेले.

आमची भिंत सामाईक. मी कान लावून बसले नव्हते, पण ऐकू आलं. शिवलीला म्हणत होती, "मला सांगितलं असतं तर म्या पाटल्या दिल्या असत्या."

"म्हणूनच न्हाय सांगितलं," आण्णा म्हणाले.

पाटी एकसंध दगडाची, एक ओळ काढायची तर सगळीच फोडावी लागली असती. कमिटीनं विषय टाळायचा पुष्कळ प्रयत्न केला. शेवटी आण्णांनीच मिस्त्री आणला आणि त्याच्याकडून चौथ्या ओळीच्या अक्षरांत काळी पुट्टी भरून घेतली. मिस्त्री एकेक अक्षर बुजवत गेला आणि आण्णा शेवटपर्यंत तिथंच उभे होते. आईचं नाव बुजलं तेव्हा त्यांनी भिंतीला हात लावून तो कपाळाला लावला.

त्यानंतरच्या पंधरवड्यात आमच्या दुकानात संध्याकाळी एकेक माणूस यायला लागला. शरणबसप्पा सगळ्यांत आधी आले. साखर, रवा असलं काहीतरी घ्यायचं निमित्त, मग इकडंतिकडं बघून हळूच चेक पुढं. पाटीवरच्या निम्म्याहून जास्त ओळी तशाच, बोललेल्या पण न दिलेल्या होत्या. शेवटचा माणूस गेल्यावर मी ह्यांना विचारलं, "आन् आपलं?" पाटीवर सहावी ओळ आमची आहे, माझ्या नावासकट. हे चष्मा शोधायला लागले. चष्मा डोळ्यांवरच होता. त्या दिवशी आण्णांची लाज कशी असते ती मला माझ्या घरात कळली. दुसऱ्या दिवशी मी ह्यांच्यासोबत बँकेत जाऊन पैसे भरून आले.

जानेवारीच्या अखेरीस आण्णांचा रिफंड आला, सूट वगळून जितका यायचा तितका. त्यांनी पगारातले घालून एक्कावन्न पुरे केले आणि बँकेतून ट्रस्टला पाठवले. ह्यांनी आता पैसे खात्यात दिसल्यावर पावती लिहिली. कमिटीनं ठराव केला, आण्णांची ओळ पुन्हा कोरून सोनेरी करू. आण्णांनी नको म्हणून सांगितलं. कालव्यावर मात्र त्यांचं वाक्य परत आलं, थोडं हळू आवाजात. कृष्णराजनं पट्टी भरली, कुरकुरत का होईना.

यंदाच्या शिवरात्रीला आण्णा पंगतीत बसले नाहीत. कमरेला टॉवेल बांधून हुग्गी वाढत होते. हुग्गी म्हणजे आमच्याकडची गव्हाची खीर. शिवलीला आत चुलीपुढं होती. शरणबसप्पांकडं परंड्याचे पाहुणे आलेले, ते नेमके पाटीसमोर बसले होते. सोनेरी ओळींमध्ये ती एकच काळी ओळ, नजर तिथंच जाते. बाकीची नावं आता कुणी वाचत नाही.

पाहुण्यांनी सहज विचारलं, "हितं कुणाचं नाव व्हतं वो?"

शरणबसप्पा खाली मान घालून जेवायला लागले. माझ्या हातातलं ताट तिथंच थांबलं. आण्णा त्यांच्यापुढं बादली घेऊन उभे होते. त्यांचे कान पुन्हा तसेच लाल झालेले मला दिसले.

"माज्या आईचं," ते म्हणाले. "म्याच बुजवलं." आणि पाहुण्यांच्या पानात त्यांनी आणखी एक पळी हुग्गी वाढली.